दारांना व्हार्निश: कितीही करा, खरखरीतच राहतंय

निवांत_दुपार: घरातली ४ लाकडी दारं स्वतःच व्हार्निश करतोय. पहिल्या दाराचे २ कोट झाले, हात फिरवला तर मांजराची जीभ! व्हार्निश ऑइल बेस पॉलियुरेथेन, सॅटिन. बजेट एक बरा ब्रश आणि पॉलिश पेपर, बस्स. मशीन घेणार नाही. दारं उतरवायचीही नाहीत.

रंधा१२: स्प्रे गन घ्या. मी कॉम्प्रेसरसकट घेतली. आमच्या दारात बघून दाढी करता येते.

निवांत_दुपार: मशीन नको म्हटलं होतं.

रंधा१२: एकदाच खर्च होतो हो.

कातरवेळ: ती धूळ आहे. ओल्या कोटावर बसते आणि तिथेच वाळते. दोन कोटांच्या मध्ये पेपर मारला का? कोऱ्या लाकडाला १२० नंबरचा, मग १८०. कोट पूर्ण वाळला की ३२० अगदी हलक्या हाताने. घासताना पांढरी भुकटी पडली पाहिजे. पेपरला चिकट गोळ्या धरल्या तर अजून वाळलेलं नाही, थांबा. मग टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. त्याच खोलीत झाडू मारून लगेच ब्रश हातात घेऊ नका.

भुसाच_भुसा: आणि पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. मी गोल गोल फिरवला. कोऱ्या लाकडावर काही दिसलं नाही, व्हार्निश लागल्यावर सगळे ओरखडे वर आले. ६ वर्षं झाली, दिवा लावला की दारावर चंद्रकोरी.

आबा_म्हणे: पॉलियुरेथेन म्हणजे लाकडाला प्लास्टिकचा रेनकोट. लाखेचं फ्रेंच पॉलिश करा, कापडाच्या बोळ्याने.

कातरवेळ: लाखेवर ओला पेला ठेवला की पांढरा डाग पडतो.

आबा_म्हणे: दारावर पेला कोण ठेवतं?

सांधा_न_बांधा: डबा हलवला होता का? हलवला की बुडबुडे होतात आणि ते ब्रशबरोबर दारावर जातात. पण सॅटिनमध्ये चमक कमी करणारी पावडर तळाला बसते, म्हणून ढवळायचं मात्र नक्की. काठीने, तळापासून, सावकाश. पहिला कोट १० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ करा.

भुसाच_भुसा: पेपर रेषांच्या दिशेनेच, हे विसरू नका.

सांधा_न_बांधा: पॅनेलचं दार असेल तर आधी पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. सगळं लावून झालं की जवळजवळ कोरडा ब्रश वरून खाली नुसता टेकवत न्यायचा. त्यानंतर हात लावायचा नाही. एक केस दिसला म्हणून मी काढायला गेलो, बोटाचा ठसा अजून आहे.

रंधा१२: आणि दार उतरवून आडवंच ठेवा. उभ्या दाराला ओघळ येणारच.

कातरवेळ: +१, उतरवाच.

सांधा_न_बांधा: माझंही तेच मत. ४ स्क्रूंचा प्रश्न आहे.

निवांत_दुपार: झाली! दारं उतरवली नाहीत आणि ब्रशही वापरला नाही. व्हार्निश आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं केलं, जुन्या सुती बनियनने पुसून लावलं. थर इतका पातळ की ओघळायला काही उरतच नाही, आणि धूळ बसायच्या आत वरचा चिकटपणा जातो. ५ कोट लागले. पेपर तुम्ही सांगितला तसाच. पहिलं दारही घासून पुन्हा केलं. हात नुसता घसरतोय.

रंधा१२: ५ कोट? गनने एका दिवसात चारही दारं उरकली असती.

आबा_म्हणे: कापडानेच केलंत ना शेवटी. मी काय म्हणत होतो?

कातरवेळ: अभिनंदन. त्या बनियनच्या चिंध्या कुठे आहेत? ऑइल बेस व्हार्निश वाळताना तापतं. बोळे एकत्र पडले तर आतली उष्णता बाहेर निघत नाही, आपोआप पेट घेतात. एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा.

निवांत_दुपार: सगळ्या एका पिशवीत गाठ मारून जिन्याखाली. उठलो.