अनुभव धागा : "पानं आली काय?" आणि घरच्यांच्या गोड फर्माईशी

हळदीचं_पान

काल संध्याकाळी मागच्या दारी कपडे काढायला गेले तर हळदीच्या वाफ्यात पानं हातभर झालेली. आणि देवाशपथ, पंधरा मिनिटांत धाकट्या दिराचा वास्कोहून फोन. "वहिनी, पानं आली काय?" कशी आहेस नाही, पाऊस किती आहे नाही. तीस वर्षं हा माणूस आषाढ सरताना एवढंच विचारतो.

मी १९९४ साली लग्न होऊन गोव्यात शिरोड्याला आले. त्या नागपंचमीला सासूबाईंनी पातोळ्या (हळदीच्या पानात मिटून वाफवायच्या तांदळाच्या गोड पोळ्या) शिकवल्या आणि पुढच्या वर्षी ते खातं माझ्या नावावर चढवून मोकळ्या झाल्या. नागपंचमी, हरतालिका ठीक. पण नणंद माहेरी आली की पातोळ्या, मुंबईची मावससासू आली की पातोळ्या, भाच्याला नोकरी लागली की पातोळ्या. सगळ्यांचं एकच, "तुझ्या हातच्या हव्यात गो." तांदूळ रात्री भिजवा, सकाळी वाटा, वाटण पानावर बोटांनी सारवता येईल इतपत घट्ट हवं. सैल झालं तर वाफ लागल्याबरोबर चून, म्हणजे आतलं गूळ-खोबरं, बाहेर. चाळीस पातोळ्यांना चार नारळ. खवणार कोण?

२००३ची गोष्ट. माझे बाबा मडगावला हॉस्पिटलात होते. आठ दिवस मी जाऊन-येऊन. नवव्या दिवशी शेवटच्या बसने घरी पोचले तर ओट्यावर तांदूळ भिजत घातलेले, पानं धुऊन उभी करून ठेवलेली. नणंदेची मुलं आली होती. कोणी काही बोललं नाही. तांदूळच बोलले म्हणा ना.

सकाळी केल्या. सगळे बसले, पान सोडवून पहिला घास घेतला आणि एकदम गप्प. आत चून नव्हतं. नुसती तांदळाची पोळी, हळदीच्या वासाची. सासरे पान हातात धरून म्हणाले, "आनी चून फाल्यां?" (म्हणजे, आणि चून उद्या?)

आजवर सगळ्यांना सांगत आले की डोकं ठिकाणावर नव्हतं, चुकून झालं. इथे खरं सांगते. चौदावी पातोळी मिटताना मला कळलं होतं की चुनाचं पातेलं झाकलेलंच आहे. मी तशीच पुढे मिटत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासरे स्वतः आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसलेले. जन्मात कधी नारळ खवला नव्हता. करवंटीपर्यंत खरवडलं, सगळा खोबऱ्याचा कीस तांबडा. खाताना दाताखाली कचकच. पण एकही उरली नाही.

तुम्ही काय करता? नाही म्हणता? कसं म्हणता?

म्हापशेकरीण

दोदोल. दुसरा शब्द नको. बहिणीचा मुलगा कुवेतहून डिसेंबरात येतो, परत जाताना दोन किलो पाहिजेच. नारळाचा रस, तांदळाचं पीठ, शुक्रवारच्या बाजारातलं माडाचं काळं गोड (गूळ), आणि मग अडीच-तीन तास ढवळत उभी. मध्ये फोन घेतला की खाली धरलंच. आटायला लागलं की बुडबुडे फुटून हातावर उडतात, उजव्या मनगटावर अजून डाग आहे. कडेने तेल सुटेपर्यंत सोडायचं नाही. गेल्या वर्षी त्यालाच डवली दिली हातात. "मावशी, पाच मिनिटं" म्हणाला आणि पाऊण तास टिकला. तेव्हापासून "एक किलो पुरे" म्हणतोय.

विनू_काणकोण

मी मागणाऱ्यांच्या पार्टीतला आहे. शिव्या घाला.

हळदीचं_पान

@विनू, रांगेत या. कोणतं गोड?

विनू_काणकोण

तवसळी. वहिनीच्या हातची. खरं सांगायचं तर मला वाटायचं तवसं (मोठी काकडी) किसलं, रवा-गूळ मिसळला, ठेवलं, झालं. गेल्या महिन्यात वहिनी गावाला गेली म्हणून स्वतः केली. तवशाला पाणी किती सुटतं हे कोणी सांगितलं नव्हतं. मी वरून आणखी पाणी घातलं. खळ झाली, पोस्टर चिकटवता आली असती.

कुळागरातला

तोंडाला पाणी सुटलं. बाकी काही लिहायचं नव्हतं.

दिचोलीची_आते

आमच्याकडे मणगणं, चण्याच्या डाळीची खीर. चतुर्थीचा नैवेद्य तो, पण भाचे मंडळींना मे महिन्यातही पाहिजे. माझा उपाय अनुभवी आहे, घ्या लिहून. एकदा मी गूळ आधीच घातला, चण्याची डाळ शिजायच्या आत. गूळ पडला की डाळ शिजतच नाही, टणक राहते. सगळ्यांनी दोन वाट्या कशाबशा चावल्या. पुढचे सहा महिने कोणी विषय काढला नाही. (त्या वेळी खरंच विसरले होते. नंतर एकदा मुद्दाम केलंय.)

म्हापशेकरीण

@आते, तुम्ही आणि धागाकर्ती, दोघींपासून सांभाळून राहायला हवं :)

पुण्यात_अडकलेली

मी माहेरची पेडण्याची. इथे मंडईत गणपतीच्या आसपास हळदीची पानं मिळतात, पण फोंड्यातल्यासारखी लांबरुंद नाहीत. बाल्कनीत कुंडीत हळद लावली आहे, मे अखेरीस गड्डा पुरला होता. आता पाच पानं आली. सासूबाई पुण्याच्या, त्यांना उकडीचे मोदकच माहीत होते. एकदा पातोळी खाल्ली आणि आता रोज कुंडीजवळ जाऊन पानं मोजतात. मी बघितलंय.

कुळागरातला

@पुण्यात_अडकलेली, कुंडी खोल हवी, निदान फूटभर. पाणी साचू देऊ नका, गड्डा कुजतो. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली की घाबरू नका, झाड मरत नाही, गड्डा तयार होतो. जानेवारीनंतर काढा.

पुण्यात_अडकलेली

धन्यवाद दादा! म्हणजे डिसेंबरात पाहुणे आले तर "पान नाही" म्हणायला मोकळी.

हळदीचं_पान

अगं, तेच तर! डिसेंबरात आले की म्हणतात केळीच्या पानात कर. केली एकदा. खाऊन वर म्हणतात, "ती मजा नाही." मजा पानात असते हे मलाही ठाऊक आहे.

ताळगावचा_निवृत्त

माझी गंमत वेगळी. बेबिंका. आम्ही करत नाही, शेजारची आंटी करते. पण मुंबईच्या माझ्या सगळ्या साडू-मेहुण्यांनी समजूत करून घेतली आहे की बेबिंका माझ्याकडे मिळते. नाताळ जवळ आला की "भाऊजी, दोन ठेवा". मी कुंपणापाशी उभा राहून आंटीला विचारतो आणि ती माझ्याकडे अशी बघते की मीच तो साडू.

एकदा बसून बघितलं तिच्याकडे. बारा अंड्यांचा बलक, साखर, नारळाचा दाट रस, थोडा मैदा, जायफळ. एक पळी ओतायची, वरून आच देऊन तांबूस होऊ द्यायची, तूप सोडायचं, मग दुसरी पळी. पूर्वी वर पत्र्यावर सोडणाचे (नारळाच्या सालीचे) निखारे ठेवायचे, आता ओव्हन. सात थर म्हणजे तिची सगळी सकाळ गेली. २०२३मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मी पेपर घेऊन आनंदाने सांगायला गेलो. म्हणाली, आता आणखी फोन येतील.

दिचोलीची_आते

बारा अंड्यांचं पांढरं काय करते ती?

ताळगावचा_निवृत्त

आम्हाला देते. आठवडाभर आमच्याकडे पांढरं ऑम्लेट. बेबिंका मेहुण्यांना, ऑम्लेट मला.

म्हापशेकरीण

हाहाहा. आंटीला माझा नमस्कार सांगा.

साखळीची_लेक

सगळे हसताहेत त्यात माझं जरा वेगळं, सॉरी. माझ्याकडे मागणारी आई होती. साखर वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती. रोज संध्याकाळी, "आज गोड काय करतेस?" मी नाही म्हणायचे, ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. भाऊ परगावाहून फोनवर, "दे गं थोडं, काय होतंय." त्याला म्हणायला काय जातं? जखम धुवायला मी होते.

एका चतुर्थीला मणगण्याचा दाट रस शेवटी घालून गॅस बंद केला आणि पातेलं तसंच तिच्या खाटेपाशी नेलं. तिने झाकण काढून तोंडावर वाफ घेतली. चष्मा धुरकटला. म्हणाली, वेलची कमी पडली. बरोबर होतं, कमीच होती. मग अर्धा चमचा दिला. एवढंच. ती जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ अजून येतो आणि "आईसारखं मणगणं कर" म्हणतो. मी करत नाही. त्याला कारण सांगितलेलं नाही.

हळदीचं_पान

बाय गो. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. सॉरी कशाला?

दिचोलीची_आते

तुझ्या भावाला माझ्याकडे पाठव. गूळ आधी घालून देते.

साखळीची_लेक

आते :) :) पाठवतेच.

शेतवाट

मधेच विचारतो, नारळ कुठे घेता? आमच्याकडे मोठा नारळ पन्नासाच्या पुढे गेला. घरचे सहा माड आहेत, पण पाडेली (नारळ पाडणारा) येत नाही. दोन महिने "उद्या येतो" सांगतोय. खाली पडतील ते आमचे, उरलेले माकडांचे.

कुळागरातला

माकडांचं बोलू नका. कोवळे शहाळेच फोडतात, निम्मं पिऊन टाकून देतात. घरच्या पाहुण्यांसारखं.

म्हापशेकरीण

शेतवाट, पाडेल्याला दोदोल द्या. गंमत नाही करत. आमचा पाडेली पैसे घेतो ते घेतोच, पण डिसेंबरातला दोदोलचा डबा चुकला तर जानेवारीत फिरकत नाही. म्हणजे बघा, फर्माईश करणाऱ्यांत तोही आला.

विनू_काणकोण

माझ्या एका मित्राच्या बायकोने फ्रिजवर कागद लावला होता. नेवऱ्या (करंज्या) : आधी आठ दिवस सांगणे, तळणीला एक माणूस देणे. धोंडस : सुटीच्या दिवशीच. खतखतं : कधीही, कारण ते गोड नाही. सासूने वाचला आणि खाली पेनने लिहिलं, "चहा कोणाला सांगावा?"

पुण्यात_अडकलेली

सासूच जिंकली.

दिचोलीची_आते

मला एक सांगा, आपण करतो तरी का? मी नाही म्हणाले तर कोणी उपाशी राहत नाही. तरी कोणी वर्षभर मागितलंच नाही तर मी स्वतः फोन करून विचारते, "काय रे, मणगणं नको काय?" करोनाच्या वर्षी कोणी येऊ शकलं नाही, चतुर्थीला दोघांपुरतं केलं. एवढासा टोप. ढवळायलाही काही नव्हतं त्यात. बरं, दूधवाला आला, जाते.

शेतवाट

पाडेली आला! आत्ता! पावसात म्हणे चढत नाही. बघून गेला फक्त.

हळदीचं_पान

अपडेट. दीर सकाळी सातला येऊन बसला, वास्कोहून, बायको-मुलांसह. मी आदोळी ओट्यावरून काढून खाली ठेवली, शेजारी चार नारळ, आणि तांदूळ वाटायला आत गेले. काही बोलले नाही. तोही काही बोलला नाही, लुंगी सावरून बसला. पहिल्या नारळाला अर्धा तास. दुसऱ्याला बायकोचा सल्ला घेतला म्हणून जास्त लागला. आता तिसरा चालू आहे. कीस बऱ्यापैकी तांबडा आहे.

म्हापशेकरीण

बापावर गेलाय.

ताळगावचा_निवृत्त

वाटण उकड्या तांदळाचं की सुरयचं (न उकडलेल्याचं)? आमच्याकडे यावरून दरवर्षी भांडण होतं.