चौथीच्या वर्गात १८४४ आणि १८५७ शिकवावे का?

गावमास्तर (करवीर तालुका)

गेल्या महिन्यात चौथीच्या मुलांची सहल घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो. कोल्हापूरकडून गड चढताना चार दरवाजाची जागा लागते, तेथे थांबून मी नेहमीप्रमाणे ‘हा चार दरवाजा’ असे म्हणालो, तेव्हा एका मुलीने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, ‘सर, पण दरवाजा कुठाय?’ पडक्या दगडी बांधकामापलीकडे दाखवण्याजोगे तेथे काही नव्हते. ‘इंग्रजांनी पाडला’ एवढे सांगून मी रांग पुढे हाकली, आणि तेव्हापासून ते उत्तर मला खटकते आहे.

१६६० चा सिद्दी जौहरचा वेढा या मुलांना तोंडपाठ आहे, कारण चौथीला शिवचरित्र आहे. त्याच गडावर १८४४ साली गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केले, हे मात्र त्यांच्या कानावरही आलेले नसते. हे गडकरी वंशपरंपरेने किल्ले राखीत आणि त्या चाकरीबद्दल जमिनी खात. गादीवरचे महाराज अल्पवयीन होते, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता आणि नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांना मामलेदाराच्या ताब्यात देण्यात आले. जमिनी जाणार या धास्तीने सामानगड आणि भुदरगड आधी उठले, मग पन्हाळाही त्यात ओढला गेला. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून गडकऱ्यांनी पन्हाळ्यावर ठेवले होते. डिसेंबरात इंग्रज फौजेने तोफा लावून गड घेतला आणि पुढे तटबंदी व दरवाजे पाडून टाकले.

माझे म्हणणे असे की, जिल्ह्यातल्या मुलांना हे चौथीतच सांगावे आणि त्याला जोडून १८५७ चे कोल्हापूरही सांगावे. इंग्रजांविरुद्धचा लढा पाठ्यक्रमात यायला आठवी उजाडते; तोवर सहलीत विचारलेला प्रश्न मुले विसरून गेलेली असतात. आपली मते कळवावीत.

निवृत्त बाई

गुरुजी, आपली कळकळ समजते, पण मी एकतीस वर्षे प्राथमिकला शिकवले आहे आणि माझा याला विरोध आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ‘फार पूर्वी’ हा एकच काळ कळतो. त्याच्या लेखी अफझलखान आणि इंग्रज एकाच आठवड्यात येऊन गेलेले असतात. अशा मुलाला अल्पवयीन राजा, नेमलेला कारभारी, कंपनी आणि मामलेदार हे सगळे सांगू गेलात, तर त्याच्या हाती शेवटी ‘इंग्रज वाईट’ एवढेच उरते, आणि ते तर त्याला आधीच ठाऊक असते. मग फळ्यावर ‘रिकाम्या जागा भरा’ येते. १५ ऑगस्टच्या भाषणांची आपण काय गत केली आहे ती पाहा. मूल छाती पुढे काढून ओरडते आणि खाली उतरल्यावर ‘पारतंत्र्य म्हणजे काय’ विचारले तर आईकडे बघते.

कागदपत्रे

माझी हरकत वेगळी आहे. गडकऱ्यांच्या बंडाला ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणण्याआधी थोडे थांबावे. त्यांना हवी होती ती आपली जमीन, आपला मान आणि जुनी व्यवस्था. आज आपण स्वातंत्र्य म्हणतो त्या अर्थाने देशाची कल्पना त्यांच्यापुढे होती, असे म्हणायला आधार नाही. १८५७ मध्येही ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात उठली ती २७ वी नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे कंपनीचीच पलटण. हे बारकावे मोठ्यांनाच झेपत नाहीत. एक अवांतर भर घालतो: १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला अमेरिकन वसाहतींपुढे शरण गेलेले कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आले, आणि १७९२ पर्यंत चाललेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्यांच्याच बाजूने होते. ‘आपण’ आणि ‘ते’ अशा दोन रांगा लावून हे चौथीला कसे सांगणार?

दोन मुलांची आई (राजारामपुरी)

मला वयाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. माझ्या मुलाला कोणीतरी १८५७ ची गोष्ट सांगताना बंडवाल्या शिपायांना तोफेच्या तोंडी बांधून उडवल्याचे रंगवून सांगितले. कोल्हापुरात तसे झाले हे खरे आहे, हे मला मान्य आहे. पण तो मुलगा तीन रात्री माझा हात धरून झोपला, आणि चौथ्या दिवशी तोच प्रसंग पाटाच्या मांडणीवर खेळण्यातल्या गाडीने खेळत होता. दोन्हीपैकी मला अधिक भीती कशाची वाटली, ते अजून सांगता येत नाही.

गावमास्तर

बाई, आपल्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरी एका गोष्टीवर अडतो. मुलांना कंपनी कळणार नाही. जमीन मात्र कळते. सहलीहून परतल्यावर मी वर्गात एवढेच विचारले की, तुमच्या घरचे रान तुमच्या आजोबांनी राखले आणि उद्या कोणी येऊन ‘आता आम्ही सांगू तसे वागा’ म्हणाले, तर काय कराल? एकजण म्हणाला, तलाठ्याकडे जाऊ. दुसरा म्हणाला, तलाठीच त्यांचा असला तर? मी दाजी कृष्ण पंडितांचे नावही घेतले नव्हते.

‘कागदपत्रे’ यांचा मुद्दा मला पटतो आणि तो माझ्याच बाजूचा वाटतो. स्वातंत्र्ययुद्ध हा शब्द मी वर्गात वापरणार नाही. ‘बंड’ म्हणेन आणि जमिनीपासून सुरुवात करीन. कॉर्नवॉलिस आठवीपर्यंत थांबतील, त्यांना घाई नाही.

ताई, तोफेची गोष्ट चौथीत सांगू नये, हे मान्य. त्याऐवजी मी चिमासाहेबांची सांगेन. महाराजांचे धाकटे भाऊ; बंडात हात असल्याचा संशय धरून इंग्रजांनी त्यांना कराचीला धाडले आणि १८६९ मध्ये तेथेच ते वारले. चिमासाहेब चौकातून ही मुले रोज रिक्षाने जातात, आणि घरापासून कायमचे दूर राहावे लागणे म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा बरे समजते.

निवृत्त बाई

तलाठ्याचे उत्तर वाचून हसू आले आणि जरा हललेही. तरी पाठ्यक्रमात घालण्यास माझा विरोध कायम आहे. आपल्यासारखा मास्तर ‘तलाठीच त्यांचा असला तर’ येईपर्यंत गप्प बसतो. छापील पाठ हाती आला की बहुतेकजण उत्तर आधी सांगून मोकळे होतात. सहलीत सांगा, गडावर उभे राहून सांगा. त्यावर चाचणीत प्रश्न मात्र घालू नका.

दोन मुलांची आई (राजारामपुरी)

कराचीची गोष्ट आज रात्री सांगून पाहिली. ‘मग त्यांना कोणी भेटायला गेलं का?’ असे त्याने विचारले. गुरुजी, याचे उत्तर काय द्यायचे ते सांगा.

गावमास्तर

ताई, ते मलाही शोधावे लागेल. बाई, गुण ठेवणार नाही. पुढच्या सहलीला मुलांना चार दरवाजाच्या जागी अर्धा तास बसवणार आहे. दगड मोजून, पूर्वी दरवाजा केवढा असेल त्याचे चित्र त्यांनी वहीत काढायचे.