रोमन सत्तेपुढे यहुदी समाजाला तिसरा मार्ग होता का?

वाटसरू (धागाकर्ता)
इ.स. ६६ चे यहुदी बंड आणि इ.स. ७० मधला यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस यांची चर्चा बहुधा शस्त्र उचलणारे आणि रोमशी जुळवून घेणारे अशा दोनच गटांत अडकते. माझ्या मते बंडाआधीच्या चार दशकांत सामान्य यहुद्यांनी केलेला निःशस्त्र प्रतिकार हाच अधिक परिणामकारक होता, आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तोच वारसा पुढे चालवला. यहुदिया प्रांताचा रोमन सुभेदार पिलात याने सम्राटाच्या प्रतिमा असलेली सैन्यचिन्हे रातोरात यरुशलेमात आणली, तेव्हा लोक त्याचे ठाणे असलेल्या कैसरिया शहरात जाऊन ठिय्या देऊन बसले. सैनिकांनी वेढा घालून तलवारी उपसताच त्यांनी जमिनीवर पडून माना पुढे केल्या, आणि पिलाताला ती चिन्हे परत न्यावी लागली. इ.स. ४० च्या सुमारास रोमन सम्राट कॅलिग्युला याने मंदिरात स्वतःचा पुतळा बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हा शेतकऱ्यांनी ऐन पेरणीच्या हंगामात शेते तशीच टाकली. पेरणी नाही तर वसूलही नाही, हे सिरियाचा सुभेदार पेट्रोनियस याला पुरते उमगले आणि त्याने काम लांबणीवर टाकले.

मुसाफिर
ही उदाहरणे अर्धीच सांगून चालणार नाही. त्याच पिलाताने जलवाहिनीसाठी मंदिराच्या खजिन्याला हात घातला आणि लोक जमले, तेव्हा त्याने गर्दीत साध्या वेशातले शिपाई पेरून ठेवले आणि खूण होताच सोटे चालवायला लावले. कित्येक जण मारामुळे मेले, कित्येक पळापळीत तुडवले गेले, आणि जलवाहिनीचे काम काही थांबले नाही. पेट्रोनियसचे म्हणाल, तर त्याला कॅलिग्युलाने मरणाचा हुकूम धाडला होता. तो वाचला तो इ.स. ४१ मध्ये सम्राटाचा खून होऊन ती बातमी हुकुमाआधी पोचली म्हणून. ज्या प्रतिकाराचे यश राज्यकर्त्याच्या लहरीवर किंवा मारेकऱ्याच्या सुऱ्यावर अवलंबून असते, त्याला परिणामकारक कसे म्हणावे? शिवाय ख्रिस्ती मंडळ्यांना वारस ठरवताना ख्रिस्ती प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण विसरता. अधिकारी देवाने नेमलेले आहेत, म्हणून कर द्या, असे तो स्पष्ट सांगतो.

वाटसरू
मुसाफिर, जलवाहिनीचा मुद्दा वजनदार आहे, पण पौलाचे पत्र म्हणजे अख्खा ख्रिस्ती समाज नव्हे. बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात रोमला बाबेल म्हणून तिच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी दिली आहे. सोने, रेशीम, हस्तिदंत, गहू, गुरे असे करत ती गुलामांपाशी, माणसांच्या जिवांपाशी येऊन थांबते. साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेवर याहून जळजळीत आरोपपत्र त्या काळात क्वचितच सापडेल. इ.स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधल्या बिथिनिया प्रांतात तिथला सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती म्हणून आणलेल्यांना सम्राट त्राजानच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करायला सांगितले. काहींनी ते केले, पण अखेरपर्यंत ठाम राहिलेल्यांना त्याने मृत्युदंडासाठी पाठवले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, तरी ते शरणही गेले नव्हते.

नाणेवेडा
आपण दोघेही तलवारीची बाजू फारच सहज मोडीत काढता. बार कोखबा याच्या नेतृत्वाखालच्या पुढच्या यहुदी बंडात (इ.स. १३२ ते १३५) रोमन नाण्यांवरच पुन्हा ठसे मारून मंदिराचे चित्र आणि हिब्रू अक्षरे उमटवली गेली, आणि काही नाण्यांवर त्या अक्षरांखाली जुन्या सम्राटाच्या चेहऱ्याची कड आजही दिसते. पराभव झाला, सम्राट हेड्रियनने यहुद्यांना यरुशलेमची बंदी केली, प्रांताचे नावही बदलले, हे सारे मान्य. परंतु सत्तर सालानंतर प्रत्येक यहुद्याकडून मंदिराच्या वर्गणीइतकेच दोन द्राख्मे (चांदीची नाणी) दरसाल रोममधल्या जुपिटरच्या देवळासाठी वसूल होत होते, आणि ही मानहानी कोणत्याही ठिय्याने थांबली नाही. अशा लोकांनी शस्त्र उचलले, त्याला मी अविचार म्हणणार नाही.

मुसाफिर
अविचार मीही म्हणत नाही, पण हिशेब मांडावाच लागतो. मंदिर पडल्यावर यहुदी धर्मपंडित योहानान बेन झक्काई यांनी याव्ने या गावी विद्यापीठ उभे केले, आणि मंदिराविनाही टिकेल असा धर्माचार तिथे घडू लागला. बार कोखबाच्या पराभवानंतर यहुदिया उजाड झाला, तेव्हा हीच परंपरा गालीलात गेली आणि तिथे इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना ही यहुदी धर्मनियमांची संहिता सिद्ध झाली. रोमशी तडजोड केलेल्यांनी राखले ते हे, आणि माझ्या लेखी ते नाण्यावरच्या ठशाहून मोठे आहे.