मदत हवी आहे: ग्रॉफच्या एमएम मॅक्रोंमध्ये पुढे येणाऱ्या संदर्भाचा क्रमांक आधीच कसा आणायचा?

नमस्कार मंडळी,

एक लांबलचक इंग्रजी तांत्रिक अहवाल ग्रॉफमध्ये (मजकुरातल्या आज्ञा वाचून पानं मांडणारा प्रोग्राम) एमएम मॅक्रो (त्यासाठीचा तयार आज्ञांचा संच) वापरून लिहितो आहे. संदर्भांचे क्रमांक आपोआप पडतात, ही सोय मला फार आवडते. मजकुरात आरएफ ही स्ट्रिंग (नाव दिलेला मजकुराचा तुकडा; छापताना तिच्या जागी क्रमांक येतो) टाकायची, पुढच्या ओळीपासून डॉट-आरएस आणि डॉट-आरएफ या आज्ञांच्या मध्ये संदर्भ लिहायचा. शेवटी यादी आपसूक छापली जाते. मध्येच नवा संदर्भ घुसवला तरी पुढचे आकडे सरकतात.

तोच संदर्भ पुन्हा द्यायचा तर डॉट-आरएसला नाव देतो, म्हणजे त्या नावाच्या स्ट्रिंगमध्ये क्रमांक राहतो. पण हे फक्त नंतरच्या मजकुरात चालतं. प्रस्तावनेत चौथ्या प्रकरणातल्या संदर्भाचा उल्लेख केला की तिथे नुसती रिकामी जागा दिसते, कारण ती स्ट्रिंग तोवर तयारच झालेली नसते.

एमएममधले इनिट-आर, सेट-आर आणि गेट-एसटी हे मॅक्रो (पहिल्या फेरीत माहिती फाईलमध्ये साठवून दुसऱ्या फेरीत परत आणणारे) वापरून ग्रॉफ दोनदा चालवला तर हा क्रमांक आणता येईल का? कुणी केलं असेल तर चार ओळींचा नमुना द्याल का? सगळं रेफर प्रीप्रोसेसरवर (ग्रॉफच्या आधी चालून संदर्भ भरणारा वेगळा प्रोग्राम) हलवणं शक्यतो टाळायचं आहे. अर्ध्याहून जास्त अहवाल लिहून झालाय.