शब्दचर्चा: ‘स्कीम’ला ‘योजना’ म्हणावं का, आणि मधल्या ‘+’ला काय?

दारव्हा: गिट किंवा सबव्हर्जन (एसव्हीएन), म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे प्रोग्राम, यांच्या पत्त्यात ‘://’च्या आधी जे येतं, त्या स्कीमला मराठीत काय लिहावं? ‘योजना’ लिहिलं तर आपल्या भागात आधी घरकुल आणि विहीर आठवते. ‘उपसर्ग’ चालेल? आणि ‘एसव्हीएन+एसएसएच’मधलं + वाचायचं कसं, ‘अधिक’ म्हणून? (एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी.)

वरुड: ‘योजना’ नकोच. ‘उपसर्ग’ही बसत नाही भाऊ. ‘हार’चा ‘प्रहार’ होतो तसा उपसर्ग शब्दाचा अर्थ बदलतो. स्कीम फक्त पुढचा पत्ता कोणत्या नियमानं वाचायचा ते सांगते. (उपसर्ग म्हणजे त्रास, हा अर्थ काही वेळा लागू पडतो, ते सोडा.) स्कीमच ठेवा.

नाव कसं असावं याचा नियम आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहे, २००५चा. सुरुवात रोमन अक्षरानं. पुढे अक्षरं, अंक, +, - आणि टिंब. अंडरस्कोर चालत नाही. + ला त्या नियमात स्वतःचा अर्थ नाही, तो ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरनं दिलेला आहे.

हिंगणघाट: ‘अधिक’ चुकीचं, कारण इथं बेरीज नाही. एसटीच्या पाटीवर ‘यवतमाळ–अमरावती, नेर मार्गे’ असतं, तसं वाचा: एसव्हीएन, एसएसएच मार्गे. बोली एसव्हीएनचीच, रस्ता एसएसएचचा. नुसतं ‘एसव्हीएन://’ म्हणजे थेट ३६९० पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या सेवेचा क्रमांक).

रस्ता बदलला की पुढचा पत्ताही बदलतो, आणि बहुतेक जण इथंच अडतात. सर्व्हरवर ‘एसव्हीएनसर्व्ह’ या सबव्हर्जनच्या प्रोग्रामला -आर हा पर्याय देऊन मूळ फोल्डर ठरवलेलं असेल, तर ‘एसव्हीएन://सर्व्हर/खाते’ एवढं पुरतं. एसएसएच मार्गे गेलं की प्रत्येक जोडणीला तो प्रोग्राम -टी लावून नव्यानं सुरू होतो, त्याला ते -आर माहीतच नसतं. मग डिस्कवरचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो: ‘एसव्हीएन+एसएसएच://सर्व्हर/होम/एसव्हीएन/खाते’. नाही दिला तर रिपॉझिटरी (कोडचा साठा) सापडत नाही म्हणतो, आणि माणूस उगाच पासवर्ड तपासत बसतो.

रस्ता आपला आपणही ठरवू शकतो. सबव्हर्जनच्या कॉन्फिग फाइलीत ‘टनेल्स’ विभागात डावीकडे नाव, उजवीकडे कमांड लिहिली की ‘एसव्हीएन+तेच नाव://’ चालू.

दारव्हा: मग ‘गिट+एसएसएच’ जुनं झालं असं काहून म्हणतात? तेही ‘मार्गे’च ना?

वरुड: अर्थ तोच, पण गरज नाही. कमांड गिटचीच असताना पत्त्यात परत ‘गिट’ कशाला? ‘एसएसएच://’ पुरे. गिट अजून ‘गिट+एसएसएच’ घेतो, उलटं ‘एसएसएच+गिट’ही घेतो, दोन्ही वापरू नका असंच त्याचं म्हणणं आहे. आणि त्या उलट्या रूपात ‘मार्गे’ तुटतं, हे हिंगणघाटकरांनी लक्षात घ्यावं.

पिपचं, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामचं, वेगळं. समोर गिट आहे, तसंच दुसरं मर्क्युरिअल (एचजी) आहे की सबव्हर्जन, हे त्याला पत्त्यावरूनच कळायला हवं. म्हणून तिथं ‘गिट+एचटीटीपीएस://’, ‘एचजी+एचटीटीपीएस://’ असंच लिहायचं. पिपसाठी लिहिलेला पत्ता तसाच ‘गिट क्लोन’ला (प्रत उतरवण्याच्या कमांडला) दिला तर चालत नाही, सुरुवातीचं ‘गिट+’ काढा.

नुसतं ‘गिट://’ नावानं अधिकृत वाटतं, पण ९४१८ पोर्टवरच्या त्या वाटेला ना ओळख-पडताळणी, ना गुप्तलेखन. गिटहब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या साइटनं मार्च २०२२मध्ये ती कायमची बंद केली.

हिंगणघाट: उलट्या रूपाचं मान्य. स्कीमच नसलेला पत्ताही असतो: ‘गिट@सर्व्हर:गट/प्रकल्प’. इथं कोलननंतर मार्ग येतो. त्याच्याच सुरुवातीला ‘एसएसएच://’ जोडलं की कोलननंतर पोर्टचा आकडा अपेक्षित असतो, म्हणून कोलन काढून तिरकी रेघ द्यायची. पिपमध्येही तेच.

‘फाइल:///’मध्ये तीन रेघा का, तर दोन नेहमीच्या, मग सर्व्हरचं नाव रिकामं, आणि तिसरी मार्गाची. नुसता मार्ग देऊन क्लोन केलं तर ‘डेप्थ’ (किती मागचा इतिहास घ्यायचा तो आकडा) मानला जात नाही. तो हवा असेल तर ‘फाइल://’ लिहाच.

दारव्हा: टिपणात ‘स्कीम’ आणि ‘मार्गे’ घेतो. ‘कोलन’ला ‘विसर्ग’ लिहू का?

वरुड: अजिबात नको, कोलन म्हणजे अपूर्णविराम. मराठी कीबोर्डवरचा विसर्ग दिसायला तसाच, पण चिन्ह वेगळं. पत्त्यात तो शिरला की डोळ्यांना चूक दिसत नाही, आणि गिटला स्कीम दिसत नाही.