स्विफ्ट ३० मिमी खाली बसवल्यावर टायर आतून खाल्ले जाणार नाहीत, असे अलाइनमेंट शक्य आहे का?

प्रश्न

माझ्याकडे २०१४ सालची स्विफ्ट असून कोथरूड ते हिंजवडी असा जाऊन-येऊन साधारण ३५ किमीचा माझा रोजचा प्रवास आहे. आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा बसवून गाडी सुमारे ३० मिमी खाली आणण्याचा विचार आहे. मात्र एका मित्राने गाडी अशीच खाली बसवली, तेव्हा पुढच्या टायरांची आतली कड १२ हजार किमीतच तारा दिसेपर्यंत झिजली. ज्या दुकानात काम झाले तेथे त्याला सांगण्यात आले की, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) वाढतोच आणि त्यावर इलाज नसतो. हे खरे आहे का?

पहिले उत्तर

कॅम्बर वाढतो हे खरे, पण टायर इतक्या लवकर खाण्याचे काम बहुतेक वेळा टो (वरून पाहताना चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) करतो आणि बदनाम मात्र कॅम्बर होतो. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टायरॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आपापल्या कमानीत वर सरकतात. या दोन कमानी तंतोतंत जुळत नसल्यामुळे चाकाची दिशा किंचित बदलते. एखादे चाक केवळ पाव अंश तिरके राहिले, तरी दर किलोमीटरला ते टायर सुमारे ४.४ मीटर आडवे घासले जाते. आपल्या रोजच्या ३५ किमीला हा हिशेब लावला, तर दीडशे मीटरच्या वर फरफट होते. त्यात आतल्या बाजूला झुकलेल्या कॅम्बरची भर पडली की सगळा भार आतल्या कडेवर येतो. टो ठीक असेल, तर एक ते सव्वा अंश ऋण (वरून आत झुकलेला) कॅम्बर रोजच्या गाडीला सहज चालतो, असा माझा अनुभव आहे. फक्त डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नसावा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

स्विफ्टमध्ये पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा एकत्र खांब) चाकाच्या नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, हे आपले भाग्य. त्यांपैकी एका बोल्टाच्या जागी विकेंद्री (फिरवला की चाकाचा झुकाव बदलणारा) कॅम्बर बोल्ट घातला, की कॅम्बर बराचसा मूळ जागी आणता येतो. मात्र तो ठरलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या बळानेच) आवळावा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावा, कारण तो सरकला की केलेले अलाइनमेंट वाया जाते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर बदलताच टो पुन्हा बदलतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा दांडा) असल्यामुळे तेथे जुळवण्यासारखे काही नसते आणि गाडी सरळ खाली आल्याने तेथील कॅम्बर फारसा बदलतही नाही. तरी मागच्या चाकांचे माप घ्यायला सांगावेच, कारण बीम आधीच वाकलेला असला तर तो दोष नव्या स्प्रिंगांच्या माथी मारला जाईल.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण लोअर आर्मच्या रबरी बुशांचा (सांध्यातल्या रबरी नळकांड्यांचा) उल्लेख राहिला. गाडी जॅकवर लटकत असताना या बुशांचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते; म्हणून ते सैल ठेवून, चाकांवर वजन आल्यानंतरच आवळायला सांगावे. मूळ स्प्रिंगा कापून गाडी खाली आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तेथून उठून यावे, कारण कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लटकताच जागा सोडू शकते.

शिवाय गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची १७० मिमी आहे; त्यातून ३० वजा केले की १४० मिमी उरतात, आणि तेही गाडी रिकामी असताना. मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. सोसायटीच्या फाटकातले गतिरोधक कोणत्या मानकाचे असतात, ते आपण रोज पाहतच असाल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. अलाइनमेंट स्प्रिंगा बसवल्या त्याच दिवशी करावे, की त्या बसेपर्यंत थांबावे?

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

दोन्ही. त्याच दिवशी निदान टो जुळवून घ्यावा, कारण चुकीच्या टोवर आठवडाभर फिरणेही महागात पडते. स्प्रिंगा आणखी थोड्या खाली बसतात, म्हणून साधारण ५०० किमीनंतर संपूर्ण माप पुन्हा घ्यावे. आणि काम सुरू होण्यापूर्वी आजच्या गाडीच्या अलाइनमेंटचा छापील कागद घेऊन ठेवावा; नंतर तुलना करायला दुसरे काही हाताशी नसते.