मदत हवी आहे: पुरातल्या बोटींनी आपापसांत कामं कशी वाटून घ्यावीत?

मंडळी,

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून बरीच वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. चिखलीत मामांचं घर पाण्यात होतं, फोन लागत नव्हता. एका गल्लीत तीन बोटी आणि पलीकडच्या वस्तीवर एकही नाही, असं मामी अजून सांगते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय: कंट्रोल रूमशी संपर्क तुटलाय असं धरून प्रत्येक बोटीने आपलं आपण ठरवायचं.

पाया मुंग्यांचा आहे. ई. ओ. विल्सन यांनी १९८४ मध्ये फायडोल मुंग्यांवर प्रयोग केला. वसाहतीतल्या लहान कामकरी मुंग्यांचं प्रमाण घटवलं, तेव्हा एरवी पिल्लांकडे न बघणाऱ्या मोठ्या मुंग्या त्यांची कामं करायला लागल्या. कुणाचा हुकूम नाही. पुढे १९९६ मध्ये बोनाबो, तेरोलाझ आणि देनबूर यांनी त्याचं गणित मांडलं: कामाची हाक (ते काम किती निकडीचं आहे) 'ह' आणि मुंगीचा उंबरठा (साधारण केवढ्या हाकेला ती हलते) 'उ' असेल, तर ती काम उचलण्याची शक्यता ह² ÷ (ह² + उ²).

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये मुंग्यांच्या जागी बोटी ठेवून हेच सूत्र वापरलं, आणि अडचण इथेच आहे. उंबरठा २० आणि हाक ४० धरली तर शक्यता ०.८ येते. पाच बोटींनी ती एकदम ऐकली की सरासरी चार तिकडेच धावतात. मामीने सांगितलेलं चित्रच पडद्यावर दिसलं.

उंबरठे वेगवेगळे ठेवले, थोडा फरक पडला. मग 'काम केलं की उंबरठा खाली, नाही केलं की वर' हा शिकण्याचा नियम घातला. प्रत्येक बोट एकेका वस्तीला चिकटली. एक बोट मुद्दाम बंद पाडली, तर बाकीच्यांचे उंबरठे इतके वर गेलेले की तिच्या वस्तीकडे कुणी लवकर वळेना. वारुळात हाक वाढेपर्यंत थांबता येतं, पत्र्यावर बसलेल्या माणसाला नाही.

बोलीची पद्धत, म्हणजे १९८० चा कॉन्ट्रॅक्ट नेट (काम जाहीर करायचं, बाकीच्यांनी बोली लावायची, चांगल्या बोलीला काम), इथे जोडावी का? पण त्यात सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यावं लागतं, आणि माझ्या बोटी फक्त जवळच्या बोटीशी बोलू शकतात.

प्रतिसाद १
सगळ्यांना ऐकू यायची गरज नाही, रेंजमधल्या दोघातिघांतही बोली लावता येते. पण त्याआधी हाक तपासा. बोट निघाली तरी ती पोचेपर्यंत तुमची हाक तेवढीच राहते, म्हणून बाकीच्याही निघतात. निघतानाच 'मी चालले' अशी नोंद करा, वाटेत भेटेल त्या बोटीला ती द्या, आणि जेवढी नोंद तेवढी हाक कमी धरा. मुंग्यांच्या गंधासारखी ही नोंद हळूहळू उडून गेली पाहिजे. म्हणजे बोट मध्येच अडकली तर हाक आपोआप परत चढेल. उंबरठ्याला वरची मर्यादा मात्र घालाच.

धागाकर्ती
हे सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. नोंद किती वेळात उडवू? लवकर उडाली तर पुन्हा गर्दी, उशिरा उडाली तर अडकलेल्या बोटीची वाट बघत वस्ती थांबणार.

प्रतिसाद १
सगळ्यांना एकच वेळ नको. त्या बोटीला त्या वस्तीपर्यंत जायला लागणारा वेळ, अधिक थोडी सूट. पुरात प्रवाह उलटा असेल तर सूट जास्त धरा.